नदीकाठची पांढर

पंचगंगेच्या उजव्या तीरावर, कोल्हापूरच्या पश्चिमेस, ब्रह्मपुरी या नावाने ओळखली जाणारी जी उंचवट्यावरची वस्ती आहे, तिच्यात सामान्य प्रवाशाचे पाऊल थबकावे असे वरवर पाहता काही नाही. घरे आहेत, गल्ल्या आहेत, आणि खाली नदीच्या अंगास घाटावर जाणाऱ्या माणसांची रोजची ये-जा आहे. परंतु दख्खनमधील नगरजीवनाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला या उंचवट्यास वळसा घालून पुढे जाता येत नाही. १८७७ साली याच परिसरात प्राचीन नाण्यांचा साठा हाती आला, आणि त्यांवरील विळिवायकुर, शिवलकुर ही राजनामे वाचीत असता पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांच्या ध्यानी आले की, काही नाण्यांवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्याचा ठसा मारलेला आहे, आणि त्यामुळे कोण आधी झाला व कोण मागून, हा क्रम दुसऱ्या कोणत्याही लेखाच्या साहाय्यावाचून त्या नाण्यांवरूनच ठरविता येतो. त्याच शतकात कोल्हापुरातील एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांतून धातुकरंडक मिळाला व त्याच्यासंगतीच्या ब्राह्मी लेखाने दान देणाऱ्या बम्हाचे आणि ते काम घडवून आणणाऱ्या धमगुताचे नाव जगासमोर आणले.

पुढे १९४४ ते १९४६ या काळात, कोल्हापूर अद्याप संस्थान होते तेव्हा, ब्रह्मपुरीच्या पांढरीत प्रथम प्रा. कुंदणगारांनी, आणि त्यांच्यामागून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनकाळातील भाजक्या विटांची घरे निघाली. कांस्यवस्तूंचा एक साठा निघाला, त्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांची एक सुबक घडण होती, रोमन बनावटीचा आरसा होता, सुरई होती, आणि समुद्रदेव पोसायडनची, वीतभरही उंच नसलेली परंतु ग्रीक शिल्पपरंपरेतील प्रमाणबद्धता अंगोपांगी बाळगणारी मूर्ती होती, जी आज कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका नदीकाठच्या गावात भूमध्य समुद्राच्या देवतेची मूर्ती कोणी आणली, कोणी मौल्यवान म्हणून जपली आणि कोणत्या प्रसंगी ती इतर भांड्याकुंड्यांसमवेत ठेवून दिली गेली, या प्रश्नांनी देशोदेशीच्या पंडितांना गुंतवून ठेविले आहे. मात्र माझ्या मते त्या उत्खननाची तितकीच मोलाची कमाई वरच्या थरांत होती. तेथे बहमनीकालीन घरांच्या अवशेषांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे व मणी इतक्या वैपुल्याने मिळाले की, मध्ययुगीन महाराष्ट्रातील काचकामाविषयी ठामपणे काही बोलावयाचे तर आजही ब्रह्मपुरीचे नाव प्रथम घ्यावे लागते. डॉ. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा जो इतिहास इंग्रजीत लिहिला, त्याच्या मुळाशी या बांगड्यांच्या तुकड्यांचा वाटा मोठा आहे. १९५२ साली या उत्खननाचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

हे सविस्तर सांगण्याचे प्रयोजन असे की, ब्रह्मपुरीवर आज जी घरे उभी आहेत, ती तेव्हा नसल्यामुळेच हे ज्ञान आपल्या हाती आले. पहार लागण्याची वेळ आणि अभ्यासक तेथे पोहोचण्याची वेळ यांचा योग त्या एका ठिकाणी जुळला. नंतरच्या काळात महाराष्ट्रातील नदीकाठच्या जुन्या नगरांत जेथे जेथे पाया खणला गेला, तेथे तेथे तो जुळला असेल असे मानण्यास आधार नाही.

आपल्या महसुली व्यवहारात गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग पूर्वापार मानले गेले. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेणामातीचे सारवण, फुटकी खापरे, जनावरांची हाडे आणि कौलांचा चुरा यांनी पांढर तयार होते, आणि दर पिढीने जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधल्यामुळे ती पांढर हळूहळू उंच होत जाते. नाशिक, पैठण, नेवासे, कराड, कोल्हापूर, पुणे यांपैकी कोणत्याही जुन्या गावठाणाकडे नदीच्या पात्रातून पाहिले तर जी उंची दिसते, तिचा काही भाग मूळ काठाच्या मुरमाचा व गाळाचा असतो, आणि काही भाग माणसांनी आपल्या राहण्याने रचलेला असतो. नदीकाठची जागा वस्तीसाठी निवडण्याची कारणे उघड आहेत: पाणी, उतार, कुंभाराला लागणारी माती, नावांचे उतारे आणि तीर्थाचे माहात्म्य. म्हणूनच आपल्या नगरांचा सर्वांत जुना भाग बहुतेककरून नदीला लागून असतो, आणि आज जमिनीला सर्वांत अधिक भाव आल्यामुळे पुनर्विकासाची सर्वांत अधिक घाईही तेथेच असते.

या घाईत आजवर कधी न घडलेली एक गोष्ट घडत आहे. पेशवाईतला वाडा असो वा इंग्रजी अमदानीतील चाळ, त्यांचा पाया काही हात खोल जात असे, आणि त्याखाली शिलाहारांचे, राष्ट्रकूटांचे, सातवाहनांचे जे काही असेल ते तसेच पडून राही. एका पिढीच्या बांधकामाने मागच्या पिढीच्या थराला थोडीफार खोच पडे, एखादी विहीर वा बळद त्यातून आरपार जाई, पण थर नाहीसा होत नसे. आता दोन मजली तळघराचा वाहनतळ करावयाचा म्हणजे सहा-सात मीटर खाली, प्लॉटच्या एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत, मुरूम वा खडक लागेतो सारी माती उचलली जाते. पोकलेनच्या यंत्राला हे काम काही दिवसांचे असते. डंपरमधून राडारोडा कोठे तरी खोलगट जागेत नेऊन ओततात, आणि त्या राडारोड्यात दोन सहस्र वर्षांची पांढर असते. आपल्याआधीच्या कोणत्याही पिढीने आपल्या नगराच्या पायाखालची माती समूळ काढून टाकली नव्हती. ते सामर्थ्य आणि ती सोय आपल्याच पिढीला लाभली आहे, आणि म्हणून खणण्याआधी ती माती वाचण्याचे उत्तरदायित्वही आपल्यावरच प्रथम आले आहे.

हे वाचन कसे करावयाचे, याची रीत जगात आता निश्चित झालेली आहे, आणि ती लोक समजतात तितकी खर्चिक वा दीर्घसूत्री नाही. कोणत्याही भूखंडाविषयी तीन प्रश्न विचारावयाचे असतात. येथे प्राचीन अवशेष असण्याचा संभव किती. असतील तर ते मागाहूनच्या खोदाईतून शाबूत किती राहिले असतील. आणि जे शाबूत असेल त्याचे ज्ञानाच्या दृष्टीने महत्त्व काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी दप्तरात मिळते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे जुने खंड, सिटी सर्व्हेचे पहिले नकाशे, मिळकत पत्रिका, मोडी कागदांतील वाड्यांच्या व पेठांच्या चतुःसीमा, देवस्थानांच्या सनदा, ताम्रपट व शिलालेख, पूर्वीच्या उत्खननांचे वृत्तांत, आणि कोणी तरी कधी तरी विहीर खणताना मूर्ती वा नाणी सापडल्याच्या नोंदी, एवढे साहित्य एकत्र मांडून नकाशावर आणले की कोणत्या गल्लीखाली काय असू शकेल याचा अंदाज पुष्कळ अंशी बांधता येतो. नदीकाठच्या जागेत याखेरीज नदीचाही इतिहास पाहावा लागतो. काठ पूर्वी कोठे होता, कोणता ओढा बुजविला गेला, कोणता घाट गाळाखाली गेला, कोणती जागा मूळची आणि कोणती भरावाची, हे ठरल्यावाचून पुढची सारी अनुमाने अधांतरी राहतात. कारण भरावाच्या मातीत सापडलेले प्राचीन खापर हे त्या जागेविषयी काहीच सांगत नाही, ते जेथून माती आणली त्या जागेविषयी सांगते.

दुसऱ्या प्रश्नासाठी अलीकडच्या खोदाईचा हिशेब मांडावा लागतो. जुने शौचकूप, भूमिगत गटारे, पाण्याच्या टाक्या, आधीच्या इमारतीचे पाये यांनी किती थर कापला गेला आहे हे पाहिले की, एखाद्या प्लॉटच्या मागच्या परसात जे सुरक्षित आहे ते पुढच्या दर्शनी भागात उरलेले नाही, असे अनेकदा दिसून येते, आणि त्यावरून कोणत्या बाजूस खणावे व कोणत्या बाजूस खणण्याची गरज नाही हेही ठरते. या कामी एक साधन आपल्याकडे विनासायास उपलब्ध आहे, त्याचा उपयोग मात्र कोणी करीत नाही. मोठी इमारत बांधावयाची तर पायाच्या मजबुतीसाठी मातीची तपासणी करावी लागते, आणि त्यासाठी जागोजाग बोअर घेऊन किती खोलीवर भराव, किती खोलीवर काळी माती, किती खोलीवर मुरूम याची नोंद ठेविली जाते. स्थापत्य अभियंत्याला त्या नोंदीतील वरचा भाग निरुपयोगी वाटतो, कारण त्याला खडक हवा असतो. परंतु त्याच वरच्या भागाचे नमुने थरशास्त्र जाणणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घातले, त्यातील राख, कोळसा, विटेचा कण, खापराचा चुरा आणि पुराने आणलेला स्वच्छ गाळ यांचा क्रम लावला, तर एकही जादा खड्डा न घेता त्या जागेच्या वस्तीचा उभा छेद हाती येतो.

जमिनीच्या आत पाहणाऱ्या रडारयंत्राविषयी आपल्याकडे बरीच आशा बाळगली जाते. तेथे सावधपणा हवा. दख्खनच्या काळ्या चिकण मातीत, विशेषतः ती ओली असता, रडारची लहर लवकर विरून जाते, आणि वाळवंटात वा रेताड प्रदेशात या यंत्राने जी चित्रे मिळतात ती येथे मिळत नाहीत. म्हणून शेवटी चाचणीचा चर घेण्यास पर्याय उरत नाही: दोन-तीन मोजके चर, हाताने खणलेले, थराथराने उतरवलेले, मूळ अस्पर्श माती लागेपर्यंत नेलेले. अशा चराने तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. काही नसेल तर काही नाही म्हणून लेखी शेरा देता येतो व मालकाचा मार्ग निर्वेध होतो. असेल तर इमारतीचा पाया कोठे घ्यावा, तळघर कोणत्या बाजूस टाळावे, किंवा सविस्तर उत्खनन किती मुदतीत पुरे करावे, हे परवाना देण्यापूर्वीच ठरविता येते. यंत्र चालू झाल्यावर, मजूर बसून असताना आणि कर्जाचे व्याज चढत असताना जो शोध लागतो, तो कोणालाच नको असतो, आणि बहुधा रात्रीतून बुजविला जातो.

नाशिकची कथा या संदर्भात मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. गोदावरीच्या उजव्या तीरावर जुन्या नाशिकात मातीची गढी म्हणून जे टेकाड आहे, त्यावर डॉ. सांकळिया व डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले. त्याच मोहिमेत प्रवरेकाठच्या जोर्वे येथेही काम झाले, आणि त्या छोट्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला कायमचे मिळाले. नाशिकच्या गढीत ताम्रपाषाणकाळाच्या खुणांपासून सातवाहनांच्या नगरापर्यंत आणि पुढे मुसलमानी व मराठी अमलापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. म्हणजे येथे संभव किती हा प्रश्न उरलेलाच नाही. सात दशकांपूर्वी त्याचे उत्तर छापून झाले आहे. तरीही त्या टेकाडावर दाटीची वस्ती आहे, पावसाळ्यात त्याची कडा ढासळते, रहिवाशांना स्थलांतराच्या नोटिसा जातात, आणि संरक्षक भिंतीची मागणी होते. माणसांचा जीव वाचलाच पाहिजे, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अशी भिंत बांधताना टेकाडाची कडा कापून सरळ करावी लागते, आणि ती कापलेली कडा म्हणजे नाशिकच्या दोन हजारांहून अधिक वर्षांचा आयता उघडा पडलेला छेद असतो. त्या वेळी तेथे थर मोजणारी आणि खापरे वेचून त्यांवर क्रमांक घालणारी दोन प्रशिक्षित माणसे उभी राहिली, तर भिंतीच्या कामाला विशेष विलंबही होणार नाही.

या नगराने मागे काय ठेवले असेल, याची कल्पना जवळच्या त्रिरश्मी लेण्यांतील एका लेखावरून येते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या चीवरांसाठी व इतर खर्चासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन निकायांकडे ठेविली. दोन हजार एका निकायाकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्याकडे शेकडा पाऊण व्याजाने. लेख पुढे सांगतो की, हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात, म्हणजे तिथल्या दप्तरखान्यात, नोंदविण्यात आला. गोदावरीच्या खोऱ्यात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत नगरसभा होती, ठेवींचे नियम होते, नोंदणीची कचेरी होती. कोरीव लेख डोंगरात आहे म्हणून तो वाचला. ती नगरसभा, ते माग, त्या कोष्ट्यांची घरे आणि ती कचेरी जेथे होती तेथली माती आपण वाचलेली नाही. आता सिंहस्थ जवळ आला की घाट रुंद होतात, रस्ते होतात, मलवाहिन्या पडतात, फरशा बसतात. हजारो यात्रेकरूंच्या सोयीसाठी ते आवश्यक असेल. पण दर बारा वर्षांनी ज्या शहराच्या नदीकाठाची इतकी उलथापालथ निश्चितपणे होणार आहे, त्या शहराच्या नदीकाठाचा पुरातत्त्वीय नकाशा पहिल्या आराखड्याच्या आधी तयार असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

पुण्याचे उदाहरण थोडे आशादायक आहे. शहराच्या प्राचीनत्वाविषयी बराच काळ राष्ट्रकूट कृष्णराजाच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांतील उल्लेखांवर भिस्त होती, आणि दुसऱ्या टोकाला दत्तवाडीजवळ मुठेच्या जुन्या गाळात मिळालेली अश्मयुगीन हत्यारे होती. मधली हजारो वर्षे रिकामी दिसत. ही पोकळी काही अंशी भरून निघाली ती कसब्यात बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यांतून. २००४ ते २००६ या काळात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इमारतींच्या पायांसाठी उघडलेल्या जागांवर जाऊन, यंत्रे थांबलेल्या अवकाशात, कापलेल्या भिंतींचे थर मोजले, खापरे गोळा केली, आणि मुठेच्या काठी सातवाहनकाळात वस्ती होती असे दाखवून दिले. याला बचावात्मक पुरातत्त्व म्हणतात. त्या अभ्यासकांविषयी मला निस्सीम आदर वाटतो. परंतु यंत्रामागे धावत केलेल्या या कामाची मर्यादाही ओळखली पाहिजे: जो खड्डा योगायोगाने कळला तो पाहिला गेला, ज्याची वार्ता लागली नाही तो भरून गेला, आणि पाहिलेल्या खड्ड्यातही कडेला उरलेला छेद तेवढा वाचता आला, मधली घरे, चुली आणि अंगणे आधीच डंपरमधून निघून गेली होती. मार्च २०२२ मध्ये मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या विकास प्रकल्पाची पायाभरणी झाली. नद्यांच्या पूरवहनाविषयी आणि झाडांविषयी त्यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. काठाच्या पोटातील मातीविषयी मात्र तिच्या मानाने फार थोडे बोलले गेले.

या प्रश्नात इतर देशांनी कोणत्या ठेचा खाल्ल्या ते पाहण्यासारखे आहे. डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठी वुड की या जागेवर खुद्द नगरपालिकेनेच आपल्या कचेऱ्या बांधावयास घेतल्या आणि खाली व्हायकिंग लोकांचे नगर निघाले. १९७८ साली न्यायालयाने ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरविली, त्याच वर्षी सुमारे वीस हजार नागरिक रस्त्यावर उतरले, आणि तरीही कचेऱ्या तेथेच उभ्या राहिल्या; कारण जागा घेतली गेली होती, आराखडे मंजूर होते, पैसा गुंतला होता, आणि माती वाचण्याचा विचार या साऱ्याच्या नंतर आला होता. लंडनमध्ये १९८९ साली टेम्सच्या दक्षिण काठावर एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर रोझ हे १५८७ सालचे नाट्यगृह उजेडात आले, तेव्हाही यंत्रे दारात उभी होती; नटनट्या, विद्वान आणि सामान्य लोक यांच्या आंदोलनानंतर इमारतीचा आराखडा बदलून ते अवशेष तिच्या खाली राखून ठेवण्यात आले. त्या प्रकरणातून ब्रिटिश शासनाने धडा घेतला. नोव्हेंबर १९९० मध्ये नियोजनाचे जे मार्गदर्शक धोरण निघाले, त्यान्वये विकासकाने परवान्याच्या अर्जाबरोबरच जागेचे पुरातत्त्वीय मूल्यमापन सादर करावे, आणि त्याचा खर्च त्यानेच सोसावा, ही पद्धत तेथे रूढ झाली. तिची फळे पुढे दिसली. लंडनच्या जुन्या वॉलब्रूक ओढ्याच्या ओल्या चिखलात, एका मोठ्या कंपनीच्या मुख्यालयाच्या बांधकामाआधी, रोमन काळातील चारशेहून अधिक लाकडी लेखनपाट्या मिळाल्या, आणि त्यांतील एक, इ. स. ५७ च्या जानेवारीतील, एका सावकारी व्यवहाराची आहे. आपल्या मातीत लाकूड असे टिकत नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते; येथे जळून कोळसा झालेले धान्य टिकते, हाडे टिकतात, मातीच्या कड्यांचे आड टिकतात, काच टिकते. उषवदाताच्या व्यवहाराची लाकडी नोंद आपल्याला मिळणार नाही, पण ज्या घरात तो व्यवहार करणारे राहत होते त्या घरातील ज्वारीबाजरीचे वा तांदळाचे दाणे मिळू शकतात.

आपल्याकडील कायद्याची स्थिती अशी आहे की, जे आधीच घोषित झाले आहे त्याचे तो कसून रक्षण करतो. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनी संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर निषिद्ध आणि त्यापलीकडे दोनशे मीटर नियंत्रित पट्टा आखला. १९६० च्या राज्याच्या कायद्याने राज्यसंरक्षित स्मारकांची व्यवस्था लाविली. शहरांच्या वारसा-याद्यांत वाडे, देवळे, पूल आले. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे, त्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. पण राखेच्या थराची किंमत रुपयांत होत नाही, खापराच्या तुकड्याला कोणी निधी म्हणत नाही, आणि जी पांढर कोणी अधिसूचित केली नाही तिच्या नावाने कोणतेही ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जात नाही. पूररेषेचे नियम नदीकाठाला लागू आहेत, त्यामुळे निळ्या रेषेच्या आत खाजगी बांधकामाला आळा बसतो हे खरे. परंतु घाट, संरक्षक भिंती, मलनिःसारणाच्या वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रे आणि नदीकाठचे रस्ते ही सार्वजनिक कामे तेथेच होतात. नदीकाठच्या पांढरीत खोल खणणारी यंत्रणा बहुतेक वेळी नगरपालिका वा महानगरपालिकाच असते, आणि म्हणून सुधारणेचा आरंभही तिच्या स्वतःच्या कामांपासून व्हावा, असे मला वाटते. तेथे खाजगी मालकाच्या हक्काची अडचण नाही; केवळ निविदेत एक कलम वाढवावयाचे आहे.

जुन्या गावठाणातील लोकांचे आक्षेप मी हलके मानीत नाही. पडक्या वाड्यात चार पिढ्या काढलेल्या भाडेकरूला स्वतंत्र शौचालय आणि न गळणारे छप्पर हवे आहे, आणि त्याच्या त्या इच्छेच्या आड सातवाहनांचे खापर येऊ नये. खणण्याआधी काही सापडले तर सरकार जागा अडकवील, ही धास्ती खरी आहे, आणि तिला मुदतबद्ध नियम हेच उत्तर आहे: मूल्यमापनाला इतके आठवडे, सविस्तर उत्खननाला इतके महिने, त्यानंतर परवाना मिळालाच पाहिजे, आणि लहान भूखंडाचा खर्च सार्वजनिक निधीतून. २०,००० चौरस मीटरहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरणीय परवानगी आजही घ्यावी लागते. त्या प्रक्रियेत आणखी एका अहवालाची भर पडली तर इमारत कोसळणार नाही. याहून अवघड भीती दुसरी आहे. मातीखाली काही निघाले की त्यावरून कोणाचे काय होते याचा तंटा उभा राहील, म्हणून पाहूच नये, असे अनेक समंजस माणसे खाजगीत बोलतात. मला वाटते, घाईघाईने आणि अर्धवट उघडलेल्या खड्ड्यातूनच अफवा निघतात. शांतपणे, संपूर्ण छेद घेऊन, प्रत्येक थराची नोंद ठेवून केलेले काम अफवेला जागा ठेवीत नाही. ब्रह्मपुरीच्या उत्खननकर्त्यांनी पोसायडनच्या मूर्तीला आणि बहमनीकालीन कासाराच्या बांगडीला एकाच निष्ठेने क्रमांक दिले, आणि म्हणूनच त्या दोहोंवरून आज आपण निःशंकपणे बोलू शकतो.

मनुष्यबळ कोठून आणावयाचे हा प्रश्न उरतो. पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांना आपल्या विषयात काम मिळत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या देशांत मूल्यमापन बंधनकारक झाले तेथे या विद्येचा एक सन्माननीय व्यवसाय उभा राहिला, आणि त्यात थर वाचणारे, हाडे ओळखणारे, बियांचे परीक्षण करणारे, जुन्या नकाशांचे जाणकार असे नाना प्रकारचे लोक रुजले. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजची परंपरा आहे, विद्यापीठांचे विभाग आहेत, मोडी वाचणारे आहेत. त्यांना नगररचना खात्याच्या टेबलाशी जोडणारा हुकूम तेवढा नाही.

तो हुकूम निघेपर्यंतही काही करता येण्यासारखे आहे, आणि ते कोल्हापुरातच सुरू करता येईल. १९५२ च्या वृत्तांतातील उत्खननाच्या जागा आजच्या सिटी सर्व्हेच्या नकाशावर बसवाव्या, म्हणजे ब्रह्मपुरीचा कोणता भाग त्या वेळी खणला गेला, कोणता घरांच्या पायांत गेला आणि कोणता अद्याप हात न लागता राहिला, हे कळेल. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते, २०१९ आणि २०२१ साली ते ५५ फुटांच्याही वर गेले, आणि अशा प्रत्येक महापुरानंतर नदीकाठच्या वस्तीत गटारे, वाहिन्या व भिंती यांची कामे निघतात. रस्त्याखालची पांढर घरांखालच्या पांढरीपेक्षा अनेक ठिकाणी अधिक शाबूत असते, कारण तेथे कोणी पाया खणलेला नसतो. ब्रह्मपुरीतील पुढच्या वाहिनीचा चर ज्या सकाळी उघडेल, त्या सकाळी महानगरपालिकेच्या मुकादमाबरोबर थर ओळखणारा एक माणूस तेथे हजर असावा, त्याला चराच्या भिंतीचे मोजमाप घेण्यास पुरेसा वेळ मिळावा, आणि त्याने काढलेला छेद शहराच्या नकाशाला जोडला जावा. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते.